हातवाऱ्यांनी चालणारे व्हिडिओ गेम: उत्सुकता, शंका आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बटणांऐवजी हाताच्या, पायांच्या किंवा सगळ्या शरीराच्या हालचालीने खेळ चालवणारे नवे उपकरण येणार अशी बातमी आली की माझ्याकडे तेच ते प्रश्न येऊ लागतात. विचारणाऱ्यांपैकी काहींचा जाहिरातीवर पूर्ण विश्वास बसलेला असतो, तर काहींनी ती न पाहताच नाक मुरडलेले असते. दोघांनाही उत्तर देताना मी २००५ ते २०१३ या काळाकडे वळतो, कारण निन्टेन्डो, सोनी आणि मायक्रोसॉफ्ट या तिन्ही कंपन्यांनी या कल्पनेवर मोठा डाव लावला तो याच काळात, आणि त्या वेळच्या आशा आणि शंका यांचा निकाल आता आपल्यासमोर आहे.

निन्टेन्डोचा वी जाहीर झाला तेव्हा लोकांना नेमकी कशाची शंका होती?

१६ सप्टेंबर २००५ रोजी टोकियो गेम शोमध्ये निन्टेन्डोचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी टीव्हीच्या रिमोटसारखा दिसणारा एक कंट्रोलर दाखवला. कन्सोलचे, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खेळयंत्राचे, तात्पुरते नाव तेव्हा 'रिव्होल्यूशन' होते; 'वी' हे नाव एप्रिल २००६ मध्ये आले आणि त्याची यथेच्छ टिंगल झाली. शंकेची कारणे मात्र टिंगलीपेक्षा ठोस होती. टोकियोत दाखवलेल्या चित्रफितीत माणसे रिमोट तलवारीसारखा, छडीसारखा, सुरीसारखा फिरवताना दिसत होती, पण त्यांच्यासमोरच्या पडद्यावर काय चालले आहे ते एकदाही दाखवले नव्हते. शिवाय मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० आणि सोनीचा प्लेस्टेशन ३ हे कन्सोल हाय डेफिनिशन चित्राकडे निघालेले असताना वीचे चित्र ४८० ओळींवरच थांबणार होते, आणि संध्याकाळभर सोफ्यावर रेलून खेळणारा माणूस तासभर हात हवेत कशाला धरील, हाही प्रश्न रास्तच होता.

१९ नोव्हेंबर २००६ रोजी अमेरिकेत २५० डॉलरला विक्री सुरू झाली आणि शंकेखोरांचा अंदाज एका बाबतीत पार चुकला. वीची एकूण विक्री १० कोटी १६ लाखांच्या वर गेली. पण ग्राहक ओळखण्यात त्यांची चूक झाली, तंत्र ओळखण्यात झाली नाही. पडद्यावरची तलवार हातातल्या रिमोटमागे हुबेहूब फिरत नव्हती, हे त्यांचे म्हणणे अगदी खरे होते.

ती तलवार हुबेहूब का फिरत नव्हती?

मूळ वी रिमोटमध्ये एक अ‍ॅक्सेलरोमीटर, म्हणजे वेगातला बदल मोजणारा सेन्सर, होता. स्थिर असताना तो गवंड्याच्या ओळंब्यासारखा वागतो: खाली कोणती दिशा आहे हे बिनचूक सांगतो, आणि त्यावरून रिमोट किती कलला आहे ते कळते. पण चालत्या बैलगाडीत ओळंबा धरला तर तो झोके घेईल, आणि त्या झोक्यात गुरुत्वाकर्षणाचा वाटा किती आणि गाडीच्या धक्क्यांचा किती हे वेगळे काढता येणार नाही. रिमोट जोरात फिरवला की सेन्सरची नेमकी हीच गत होई. म्हणून खेळ लिहिणाऱ्यांनी सोपा मार्ग काढला: काहीतरी जोरात हलले एवढे ओळखायचे आणि आधी तयार करून ठेवलेला तलवारीचा वार पडद्यावर दाखवायचा. खेळणाऱ्यांच्या हे लवकरच लक्षात आले. पलंगावर लोळून नुसते मनगट झटकले तरी टेनिसचा फटका बसतो हे एकदा कळल्यावर उभे राहण्याचे कष्ट कोण घेणार?

टीव्हीपुढे ठेवायच्या पट्टीला 'सेन्सर बार' म्हणत असले तरी तिला काहीच जाणवत नाही. तिच्या दोन टोकांना अवरक्त प्रकाशाचे दिवे आहेत, बस्स. पाहण्याचे काम रिमोटच्या नाकाशी असलेला छोटा कॅमेरा करतो. पट्टी बिघडली तेव्हा लोकांनी टीव्हीपुढे दोन मेणबत्त्या लावून खेळ चालवला आणि तो चालला, कारण मेणबत्तीच्या ज्योतीतही अवरक्त प्रकाश असतो.

जून २००९ मध्ये निन्टेन्डोने रिमोटला मागून जोडायचा 'मोशनप्लस' हा तुकडा आणला. त्यात जायरोस्कोप होता, म्हणजे रिमोट कोणत्या वेगाने वळतो आहे हे मोजायची सोय झाली. त्यालाही थोडी चूक साठत जाण्याची खोड असते, जसे रोज दोन सेकंद मागे पडणारे घड्याळ महिन्याने मिनिटभर मागे असते. तरी फरक मोठा होता. शंकेखोरांनी २००५ मध्ये जे मागितले होते ते साधारण चार वर्षांनी, वेगळे पैसे घेऊन मिळाले, असे म्हणायला हरकत नाही.

वी खेळताना टीव्ही फुटल्याच्या गोष्टी खऱ्या आहेत का?

हो. घामेजल्या हातातून रिमोट सुटायचा आणि मनगटाचा पट्टा तुटायचा. डिसेंबर २००६ मध्ये निन्टेन्डोने सुमारे ३२ लाख पट्टे बदलून देण्याचे जाहीर केले; नव्या पट्ट्याची दोरी ०.६ मिलिमीटरऐवजी १ मिलिमीटर जाडीची होती.

'प्रोजेक्ट नाताल' काय होते, आणि दाखवले ते सगळे मिळाले का?

जून २००९ मध्ये लॉस एंजेलिस येथील ई-थ्री या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनात मायक्रोसॉफ्टने हातात काहीही न धरता खेळण्याची कल्पना मांडली. ब्राझीलमधील नाताल या शहरावरून प्रकल्पाला नाव दिले होते. त्याच वेळी खेळांचे रचनाकार पीटर मॉलिन्यू यांनी मायलो नावाचा पडद्यावरचा मुलगा सादर केला: त्याच्याशी एक बाई बोलते, तो तिचा सूर ओळखतो, ती कागदावर चित्र काढून कॅमेऱ्यापुढे धरते आणि तो हात पुढे करून ते घेतो. मायलो विक्रीला कधीच आला नाही.

तरीही नातालला निव्वळ थाप म्हणणे अन्यायाचे होईल. शरीराचे सांधे ओळखण्याचे त्याचे मुख्य काम खरे होते आणि त्या काळाच्या मानाने थक्क करणारे होते. अडचण जाहिरातीची होती. जून २०१० मध्ये सर्क दू सोलेई या सर्कसवाल्या मंडळींकडून भव्य कार्यक्रम करवून, प्रेक्षकांना पांढरे झगे घालायला लावून नातालचे 'किनेक्ट' हे नवे नाव प्रकट करण्यात आले. ज्या उपकरणाची खरी परीक्षा कुणाच्या तरी दिवाणखान्यात, टीपॉय बाजूला सरकवून व्हायची होती, त्याला असा राजेशाही पोशाख चढवला की पहिल्या दिवसापासून ते अपेक्षेपेक्षा छोटेच वाटणार.

किनेक्टला माणूस दिसतो तरी कसा?

ठिपक्यांची रांगोळी आठवा. सपाट अंगणात ठिपके सारख्या अंतरावर दिसतात, पण मध्येच पायरी किंवा दगड आला की बाजूने पाहणाऱ्याला तिथले ठिपके सरकल्यासारखे दिसतात. पहिला किनेक्ट डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त ठिपक्यांचा सडा खोलीभर टाकतो, आणि थोड्या अंतरावर बसवलेला कॅमेरा कोणता ठिपका किती सरकला ते पाहून प्रत्येक जागेची खोली काढतो. हे तंत्र प्राइमसेन्स या इस्रायली कंपनीचे होते.

खोलीचा असा नकाशा मिळाल्यावर त्यात कोपर कुठे आणि गुडघा कुठे हे ठरवायचे काम उरते. केंब्रिज येथील मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी त्यासाठी शरीराचे ३१ भाग पाडले आणि संगणकाने बनवलेल्या असंख्य आकृत्या दाखवून यंत्राला ते भाग ओळखायला शिकवले. त्यामुळे खेळणाऱ्याने आधी विशिष्ट पवित्रा घेऊन उभे राहण्याची गरज उरली नाही. मध्येच कुणी खोलीत शिरले तरी त्याचा सांगाडा, म्हणजे सांधे जोडून झालेली आकृती, पडद्यावर उमटे.

हालचाल केल्यावर पडद्यावर उशीर का होतो?

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा आहे, आणि जाहिरातीत याचे उत्तर कधीच नसते.

पहिल्या किनेक्टचा कॅमेरा सेकंदाला ३० चित्रे घेतो. म्हणजे दोन चित्रांत ३३ मिलिसेकंदांचे अंतर असते आणि तुमचा हात नेमका त्या मधल्या क्षणी हलला तर पुढच्या चित्रापर्यंत त्याची दखलही घेतली जात नाही. ते चित्र केबलमधून कन्सोलकडे जाते, तिथे सांगाडा काढला जातो, थरथर दिसू नये म्हणून सांध्यांच्या जागा थोड्या गुळगुळीत केल्या जातात (आणि गुळगुळीत करणे म्हणजे मागच्या काही चित्रांची सरासरी धरणे, म्हणजे आणखी उशीर), मग खेळ आपले चित्र काढतो आणि शेवटी टीव्ही ते चित्र सजवण्यात आपला वेळ घेतो. बटण दाबल्यावर यातल्या शेवटच्या दोनच पायऱ्या उरतात. हा सगळा उशीर मिळून सेकंदाचा दशांश किंवा त्याहून अधिक भरतो, आणि एवढा उशीर कुणालाही जाणवतो.

घरी मोजून पाहायचे असेल तर ज्या फोनमध्ये सेकंदाला २४० चित्रांचे स्लो मोशन आहे तो असा ठेवा की हात आणि टीव्ही दोन्ही एकाच चौकटीत दिसतील. हात झटकन खाली आणा आणि पडद्यावरचा हात हलेपर्यंत किती चित्रे गेली ते मोजा. एक चित्र म्हणजे चार मिलिसेकंदांहून किंचित जास्त. ३६ चित्रे भरली तर उशीर १५० मिलिसेकंद. टीव्हीचा 'गेम मोड' (चित्र सजवण्यातला वेळ कमी करणारी सोय) लावून पुन्हा मोजा, कारण पुष्कळदा अर्धा दोष टीव्हीचाच निघतो.

इतका उशीर असूनही नाचाचे खेळ का जमले?

कारण नाचणाऱ्याला पुढची पायरी आधीच ठाऊक असते. हार्मोनिक्स या कंपनीचा 'डान्स सेंट्रल' किनेक्टबरोबरच २०१० मध्ये आला. त्यात पुढची हालचाल कोणती ते पडद्याच्या बाजूला आधीच दिसते आणि ताल तर गाण्यातच असतो. यंत्राला तुमचे पाऊल जरा उशिरा कळले तरी खेळ तेवढा उशीर हिशेबात धरून गुण देतो. पडद्याने तुमच्यामागे धावावे अशी तुमची अपेक्षाच नसते. बोलिंगमध्येही निर्णायक क्षण एकच, चेंडू सोडण्याचा, आणि तो सुटल्यावर आपण सगळे नुसते पाहतच असतो.

उलट जिथे समोर अचानक काही आले आणि त्याला तत्क्षणी उत्तर द्यायचे असते, तिथे उशीर जीव घेतो. २०१२ चा 'स्टील बटालियन: हेवी आर्मर' हा खेळ कॅपकॉम आणि फ्रॉम सॉफ्टवेअर अशा नावाजलेल्या मंडळींचा होता, रणगाड्यासारख्या यंत्रातल्या तरफा आणि खिडक्या हवेत हात हलवून चालवायच्या आणि त्याच वेळी शत्रूशी लढायचे, अशी त्याची रचना होती. समीक्षकांनी त्याला अक्षरशः सोलून काढले. कॅमेरा तोच होता. माझ्या मते या सगळ्या वादात हीच बाब निसटली: उत्सुक लोक आणि शंकेखोर, दोघेही उपकरणाकडे टक लावून बसले होते, आणि निकाल लागत होता तो उशीर पोटात घालू शकणारा खेळ कुणी लिहिला आहे का यावर.

सोनीच्या 'मूव्ह'चे काय झाले?

सप्टेंबर २०१० मध्ये आलेला हा कंट्रोलर तंत्राच्या दृष्टीने तिघांत सर्वांत नेटका होता, असे मी आजही म्हणेन. टोकाला प्रकाशणारा गोळा, आत जायरोस्कोप, अ‍ॅक्सेलरोमीटर आणि चुंबकीय सेन्सर, समोर प्लेस्टेशन आय हा कॅमेरा. गोळ्याचा खरा आकार यंत्राला माहीत असल्यामुळे तो चित्रात किती मोठा दिसतो यावरून अंतर निघते, आणि खोलीतल्या रंगांत मिसळू नये म्हणून गोळा आपला रंग बदलतो. बटणेही होती. पण विकत घ्यावासा वाटेल असा त्याचा स्वतःचा खेळ त्याला लाभला नाही. २०१६ मध्ये प्लेस्टेशन व्हीआर हा डोळ्यांवर चढवायचा आभासी जगाचा संच आल्यावर हेच मूव्ह पुन्हा कामाला लागले, आणि त्यांचे खरे काम तेव्हाच सापडले असे वाटले.

आपल्याकडच्या घरांत किनेक्टसारखे उपकरण चालते का?

जागा हा पहिला अडसर. एका खेळाडूने सुमारे ६ फूट आणि दोघांनी सुमारे ८ फूट मागे उभे राहावे अशी अपेक्षा असते, आणि ही जागा टीव्हीसमोर रिकामी हवी. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत सोफा गॅलरीच्या दाराला चिकटवल्यावर आणि टीपॉय पलंगाखाली ढकलल्यावर एकाची सोय झाली. दुसऱ्याचा एक हात कायम कॅमेऱ्याबाहेर राही. वर फिरणारा पंखा आहे हे उंच माणसाने उडी मारण्यापूर्वी लक्षात ठेवावे.

दुसरा अडसर उन्हाचा. सूर्यप्रकाशात अवरक्त प्रकाश भरपूर असतो आणि त्यात यंत्राचे ठिपके बुडून जातात, त्यामुळे पश्चिमेच्या खिडकीतून ऊन येत असेल तर दुपारी चार वाजता पडदे ओढून घ्यावे लागतात.

तिसरी गोष्ट कपड्यांची, आणि ती मला कोणत्याही परदेशी परीक्षणात वाचायला मिळाली नाही. माझी आत्या साडी नेसून बोलिंगला उभी राहिली, तेव्हा तिचे हात पडद्यावर व्यवस्थित उमटले, पण पाय मात्र भुतासारखे थरथरत होते. एकदा तर गुडघा उलटा वळला आणि घरभर हसू पिकले. यंत्राला दोन पाय वेगळे दिसावे लागतात, आणि साडीत त्याला एकच घेरदार खांब दिसतो. पदर खोचून, निऱ्या थोड्या वर घेऊन आत्याने पुढचा डाव खेळला आणि जिंकलीही. मांडी घालून जमिनीवर बसून खेळता येईल अशी अपेक्षा मात्र सोडून द्यावी.

सावळ्या रंगाची माणसे किनेक्टला दिसत नाहीत, असे ऐकले होते. खरे आहे का?

नोव्हेंबर २०१० मध्ये अशी बातमी फिरली होती. त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली होती. सांगाडा ओळखण्याचे काम अवरक्त प्रकाशावर चालते आणि त्याला दिव्याच्या उजेडाची गरजच नसते, अंधारातही ते चालते. चेहरा पाहून खाते उघडण्याची सोय मात्र साध्या रंगीत कॅमेऱ्यावर होती, आणि अपुऱ्या उजेडात तो कॅमेरा चाचपडे. 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या अमेरिकी ग्राहक नियतकालिकाने तेव्हा चाचणी घेऊन दोष मंद उजेडाचा असल्याचे सांगितले. पण अपुऱ्या उजेडाचा फटका सावळ्या चेहऱ्यांना आधी बसतो हेही खरे, त्यामुळे प्रश्न विचारणाऱ्यांना मी मूर्खात काढणार नाही.

घरात सतत चालू राहणारा कॅमेरा ठेवणे सुरक्षित आहे का?

२०१३ च्या उन्हाळ्यात हा प्रश्न तापला. एक्सबॉक्स वन या नव्या कन्सोलला किनेक्ट जोडलेला असलाच पाहिजे, असे मायक्रोसॉफ्टने सांगितले होते, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत अमेरिकी सरकारच्या पाळतीबद्दल एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेली कागदपत्रे जगभर गाजत होती. ऑगस्टमध्ये कंपनीने अट मागे घेतली. माझा सल्ला अगदी साधा आहे: खेळ संपला की केबल काढून ठेवा.

किनेक्ट एवढा खपला, मग तो बंद का पडला?

४ नोव्हेंबर २०१० रोजी विक्री सुरू झाल्यापासून पहिल्या ६० दिवसांत ८० लाख किनेक्ट खपले आणि गिनेस बुकात त्याची नोंद झाली. खप ही उत्सुकतेची मोजणी असते. सहा महिन्यांनी ते उपकरण कपाटात आहे की टीव्हीवर, हे तिच्यातून कळत नाही. नंतर एक्सबॉक्स वनच्या ५०० डॉलर किमतीत किनेक्ट सक्तीने घालण्यात आला, तर प्लेस्टेशन ४ हा ४०० डॉलरला मिळत होता. जून २०१४ मध्ये किनेक्टशिवायचा एक्सबॉक्स वन ४०० डॉलरला आला आणि त्या दिवसापासून प्रत्येक घरात किनेक्ट असेलच या भरवशावर खेळ लिहिणे कुणालाच परवडेना. ऑक्टोबर २०१७ मध्ये उत्पादन थांबल्याचे जाहीर झाले.

त्याचे दुसरे आयुष्य मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू झाले होते. संगणकाला किनेक्ट जोडणारे खुले सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला अडाफ्रूट या कंपनीने बक्षीस लावले, ते वाढत ३,००० डॉलरपर्यंत गेले आणि हेक्टर मार्टिन यांनी काही दिवसांत ते मिळवले. या बक्षिसामागे जॉनी चुंग ली होते, हे पुढे त्यांनीच सांगितले. वी रिमोटचे अचाट प्रयोग करून प्रसिद्ध झालेले हे गृहस्थ त्या वेळी मायक्रोसॉफ्टमध्ये किनेक्टवरच काम करत होते! त्यानंतर यंत्रमानव बनवणारे, कलावंत, विद्यापीठे अशा सगळ्यांनी हे स्वस्त उपकरण उचलले. प्राइमसेन्सला २०१३ मध्ये अ‍ॅपलने विकत घेतले, आणि २०१७ च्या आयफोन टेनमध्ये चेहरा ओळखण्यासाठी अवरक्त ठिपक्यांचाच सडा पडू लागला.

जुना किनेक्ट आता विकत घ्यावा का?

घ्यायचाच असेल तर अ‍ॅडॅप्टरसकट घ्या. मी जुना पहिला किनेक्ट घेतला तेव्हा विकणाऱ्याने खोक्यात सगळे आहे असे छातीठोक सांगितले आणि घरी आल्यावर वीज पुरवणारी वायर नव्हती असे आढळले. नव्या घडणीच्या एक्सबॉक्स ३६० ला ती लागत नाही, माझ्याकडच्या जुन्याला लागत होती. दुसऱ्या पिढीचा, म्हणजे एक्सबॉक्स वनबरोबर आलेला, किनेक्ट एक्सबॉक्स वन एसला जोडायला वेगळा अ‍ॅडॅप्टर लागतो आणि त्याचे उत्पादन केव्हाच थांबले आहे. त्यानंतरच्या एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एस यांवर किनेक्ट चालतच नाही.

नवे उपकरण जाहीर झाले की सर्वांत आधी काय पाहावे?

चित्रफितीत खेळणारा माणूस आणि पडदा एकाच चौकटीत दिसतात का, ते पाहा. कॅमेरा माणसावरून पडद्यावर आणि पडद्यावरून माणसावर असा तुटक उड्या मारत असेल तर उशीर किती आहे हे लपवले जात आहे असे खुशाल समजा. मग मेनू कसा निवडायचा ते पाहा: हवेत हात धरून दोन सेकंद थांबायला लावत असतील तर तिसऱ्या दिवशी खांदा दुखेल. जाहिरातीत नर्तक आणि खेळाडू असले तर सोडून द्या; एखाद्या साध्या, थोड्या स्थूल माणसाला खेळताना दाखवले असेल तर मात्र थांबून नीट पाहा.

घरातल्या वयस्कर माणसांना हे जमेल का?

पुष्कळदा तरुणांपेक्षा लवकर जमते, कारण त्यांच्या बोटांना बटणांची सवय नसते आणि चेंडू टाकायचा म्हणजे हात मागे नेऊन पुढे आणायचा, हे त्यांना कुणी शिकवावे लागत नाही. फक्त जवळ एक खुर्ची ठेवा, पायाखालची सतरंजी काढून घ्या, आणि वी असेल तर मनगटाचा पट्टा तुम्ही स्वतः आवळून द्या.